वरची कडी

दिराने रहस्यकादंबरी लिहिली, तीही वहिनीच्या आयत्या पिठावर रेघोट्या ओढून. स्वमग्न मुलीची आई टाचा उंचावून दाराची वरची कडी का लावते, हे त्यातलं रहस्य. शेवटी ती लेकीला डांबून ठेवणारी कैदाशीण निघते. दिराची स्वारी आज प्रत द्यायला आली. कौतुकाचा फोन घ्यायला बाहेर गेली, परतल्यावर कडी लावायला विसरली. वहिनी चहा गाळून वळते तर लेक गायब. ती अनवाणी धावली. लेक भर रस्त्यात, कचकन थांबलेल्या ट्रकच्या चाकाला हात लावून उभी. तिला उचलून आणल्यावर दीर विचारतो, "वहिनी, ही गेलीच कशी?" "कडी का लावते ते कळलं, भाऊजी, की दुसरं पुस्तक लिहिणार?" त्याला बाहेर काढून तिने जाडजूड कादंबरी दाराशी टाकली आणि तिच्यावर चढून कडी लावली. आज टाचा उंचावाव्या लागल्या नाहीत.