डावी सीट

जुन्या गाड्यांचा भाव ठरवणाऱ्या बागवाननं त्या महागड्या परदेशी गाडीचं बॉनेट उघडलंसुद्धा नाही. तो सरळ आत वाकला आणि चालकाची सीट तळव्यानं दाबून पाहिली. लोण्यासारखी मऊ होती. मग त्यानं शेजारची डावी सीट दाबली, जिच्यावर मालकाची बायको उत्तरा बसायची. ती लाकडासारखी टणक झाली होती.

"साहेब, गाडी एक नंबर आहे, पण भाव निम्म्यावर येणार," तो मालकाला, रणधीरला म्हणाला. "माणूस घाबरला की ही सीट त्याला आवळून धरते. कधीमधी धरलं, तर परत सैल पडते. पण ही रोज आवळलीय. अशा गाडीला गिऱ्हाईक हात लावत नाही."

बोलताना त्यानं नवऱ्याशेजारी उभ्या उत्तराकडे बघायचं टाळलं.

"मग नवी सीट बसवा," रणधीर हसून म्हणाला.

"बसवतो. पण कोरी सीट दिसली की लोकांना संशय येतो. महिनाभर वापरून मग आणा."

संध्याकाळी दोघं घरी निघाली. दारं लागली, काचा वर गेल्या. नवी सीट इतकी मऊ होती, की उत्तराचे डोळे जडावले.

"महिनाभर नीट बसायचं," रणधीर समोर बघत हळू आवाजात म्हणाला. "घाबरलीस, तर बघ."

उत्तराच्या कमरेशी सीट हलकेच आवळली.