मागून येणाऱ्याचा विचार

"ताई, ती रेघ पूस."

"नाही पुसत."

भिंत चढायच्या हॉलच्या मालकाने दोर घट्ट धरून मान वर केली. त्याची थोरली बहीण भिंतीच्या मध्यावर लटकत होती आणि खडूच्या तुकड्याने काळ्या होल्डच्या, म्हणजे हात-पाय टेकवायच्या खुंटीच्या, कडेला जाडजूड पांढरी रेघ ओढत होती. पूड खाली भुरभुरत होती. बाकावर बसलेला एकजण दोनदा शिंकला.

हातांना घाम येऊ नये म्हणून चढणारे खडूची पूड लावतात, त्याला कोणाची ना नव्हती. कुठे हात टाकायचा हे लक्षात राहावं म्हणून कोणी रेघ मारली तरी चालायचं. पण उतरल्यावर ब्रशने सगळं झाडायचं, हा शिरस्ता. नाहीतर पुढच्याला आयतं उत्तर मिळतं, मग त्याने चढून काय मिळवलं? मालकाने दारातच पाटी लावली होती: 'आपल्या खुणा पुसा. मागून येणाऱ्याचा विचार करा.'

जगभराच्या लोकांनी ती पाटी पाळली. सख्ख्या बहिणीने मात्र तिला धूप घातली नाही.

ती शाळेत कवायत शिकवायची. निवृत्त झाली आणि साठीत हे चढण्याचं खूळ डोक्यात घेऊन बसली. चढायची झकास. पण गेल्या काही महिन्यांपासून जिथे हात लावेल तिथे रेघ ओढायची, आणि उतरली की ब्रशकडे ढुंकून बघायची नाही.

"पाटी वाचलीस ना?" ती खाली उतरल्यावर मालकाने विचारलं.

"वाचली. तेच करतेय."

"काय तेच?"

"मागून येणाऱ्याचा विचार."

"ताई, लोक हसतात मला. म्हणतात, घरच्यांना वेगळा कायदा."

"हसू दे. मला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा घालून चढता येत नाही. काय करू, घरी बसून जपमाळ ओढू?"

ही शुद्ध थाप होती. परवाच तिने त्याच्या शर्टाचं बटण लावून दिलं होतं, आणि सुईत दोरा एका फटक्यात ओवला होता, चष्म्याशिवाय. पण हट्टाला पेटलेल्या बहिणीशी कोण वाद घालणार? लहानपणी पतंगाच्या भांडणातही तो कधी जिंकला नव्हता.

एरवी त्याने आजही कानाडोळा केला असता. पण आज चढाईच्या संघाच्या प्रशिक्षक बाई त्याच्या मुलीला बघायला येणार होत्या. संघात एकच जागा रिकामी होती. दोन वर्षं पोरगी त्या जागेसाठी रक्त आटवत होती. स्कूटर चालवणं सोडलं, मैत्रिणींबरोबर सिनेमे सोडले, वाचायचं तेही कानात यंत्र घालून ऐकायला लागली. सगळा जीव भिंतीवर. बाईंसाठी कालच भिंतीवरचे होल्ड काढून नव्याने लावले होते, म्हणजे कोणी पाठ करून चढलं असं म्हणायला नको. आणि त्यावर आता या रेघा!

"बाईंनी बघितलं तर म्हणतील, बापाने उत्तरं लिहून ठेवली," तो म्हणाला. "पोरीच्या नावाला बट्टा लागेल."

"लागू दे. धुता येतो."

"मी पुसतोय."

त्याने बादलीत फडकं बुडवलं आणि शिडी ओढली. बहीण भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"आधी मला हलव."

"ताई, हॉल माझा आहे."

"असेल. पोरगी माझीही आहे."

लोक चढायचं सोडून बघत राहिले. मालकाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात दार उघडलं, प्रशिक्षक बाई आत आल्या आणि पहिल्या बाकावर वही उघडून बसल्या. बहिणीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बाईंकडे पाहिलं आणि ओठ मिटले. हात मात्र खाली घेतले नाहीत.

मालकाने तिला बाजूने वळसा घालून शिडी लावली. वरपासून खालपर्यंत एकूण एक रेघ घासून काढली. शेवटची रेघ तिच्या खांद्याजवळ होती, तीही पुसली. तो आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी जिंकला होता आणि त्याला बरं वाटत होतं.

मुलगी कपडे बदलून आली. नेहमीसारखा तिने बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्याबरोबर भिंतीपर्यंत चालत आली. हल्ली ती अशीच चालायची. मोठी झाल्यावर पोरी दुरावतात म्हणतात, आपली जवळ आली, याचं त्याला कोण कौतुक होतं.

तिने दोराची गाठ मारली आणि मान वर करून भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आत्या, तू चढली नाहीस अजून?"

ती नेहमी आत्याच्या मागोमागच चढायची. लहानपणापासून आत्याचं शेपूटच होती ती.

"चढले गं," आत्या म्हणाली. "याने पुसलं सगळं."

"एकूण एक रेघ," मालक बाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. "बघ, कशी कोरी करकरीत भिंत आहे."

मुलीने जबडा घट्ट आवळला.

"मी सांगू का यांना?" आत्या पुटपुटली.

"नाही. तशीच चढते."

तिने पिशवीतली पूड तळहातांना चोळली आणि हात पुढे केला. अगदी तिच्या नाकासमोर ताटाएवढा होल्ड होता. तिचा तळहात त्याच्या वीतभर डावीकडे कोऱ्या भिंतीवर टेकला आणि एकेक बोट पुढे करत चाचपू लागला.