कर्ण्यावरची हाक

पूरग्रस्तांच्या छावणीत आक्का वायरलेससमोर बसल्या. चार दिवसांपूर्वी त्या बोटीत चढल्या आणि त्यांचे यजमान म्हशींपाशी मागे राहिले. तेव्हापासून आक्का अर्धीच भाकरी खात होत्या. आता ते नदीपलीकडच्या छावणीत असले, तर असले.

"तिकडं कर्णा जोडलाय. मारा हाक," ऑपरेटर म्हणाला.

"अहो, ऐकलं का?"

खरखरीतून उत्तर आलं, "इथं सहा म्हातारे उठून उभे राहिलेत, मावशी. नाव सांगा."

एकेचाळीस वर्षांत आक्कांनी उखाण्याशिवाय ते नाव घेतलं नव्हतं. पदर सावरून, डोळे मिटून त्या घसा फाटेस्तोवर ओरडल्या, "बाळगोंडा!"

मग तो ओळखीचा घोगरा आवाज आला.

"ऐकलं गं. आणिक एकदा घे की."