फक्त जनावरांसाठी

डोईफोडियाच्या शाळेसमोर जनावरांचे डॉक्टर श्रीकांत सकाळपासून बैलांना सुया देत होते. गावातले नऊ बैल तापानं फणफणले होते, त्यांची लघवी लाल होत होती. त्यासाठी सरकारनं खंडव्याहून मोटार पाठवली, औषधाची पेटी पाठवली, वही लिहायला गजानन कारकूनही दिला. म्हणजे सरकारच्या मनात आलं की सगळं जमतं!

बाराच्या सुमाराला भागाबाईनं आपली गाडी थेट रांगेत घुसवली. गाडीत तिचा नवरा दगा कण्हत पडला होता.

"साहेब, यायची लघवीबी तशीच लाल होते. आठ रोज झाले ताप हटत नाही. सुई द्या."

गजानन हसला. "अहो बाई, इथं जनावरं तपासतात. माणसांच्या डॉक्टरकडे न्या."

"गेलते ना शहरात, इतवाऱ्यातल्या डॉक्टरकडे! अंगाले हातबी लावला नाही त्यानं. म्हणे कावीळ आहे, दारू सोड. दारू? गळ्यात माळ आहे यायच्या! जन्मात थेंब घेतला नाही. कोनत्या तोंडानं बोलला तो मेला?"

श्रीकांत गाडीजवळ आले. त्यांनी दगाच्या पोटऱ्या दाबल्या, तसा तो ओरडलाच.

"गोठा कोण साफ करतं?"

"हेच. आजारी बैलाच्या मुतात अनवाणी उभे राहून."

डॉक्टरांना कळायचं ते कळलं. लघवीतून चिखलात, चिखलातून टाचेच्या भेगांत. बैलाला झाला तोच रोग, आणि औषधही तेच, पेनिसिलिन. त्यांनी पेटीत हात घातला.

"साहेब," गजानन हळूच म्हणाला, "एकेक बाटली बैलाच्या नावावर लिहावी लागते. माणसाला दिली तर नोकरीवर गदा येईल. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, माणसांच्या खात्याचे कागद अजून वाटेतच आहेत म्हणे. राज्य नवं आहे, महिनाही झाला नाही. लागेल वेळ."

"आणि तोवर हा माणूस..." श्रीकांत म्हणाले. हात पेटीतच राहिला. वा रे कारभार! बैल मेला तर पंचनामा, आणि माणूस मेला तर दारुडा होता म्हणून मोकळे.

भागाबाईनं सगळं ऐकलं होतं. तिनं गाडीतून उडी मारली आणि पदर खोचला.

"मंग बैल लिहा ना यायले! बावीस वर्सं नांगरामागं चालले, बैल बसला तं सोता खांदा लावला. तुमच्या वहीत मानसाले जागा नाही ना? बैल लिहा. लिहा म्हनते ना!"

रांगेतलं कुणी हसलं नाही. श्रीकांतनी सुई भरली.

"लिही गजानन. दहावा बैल."

गजाननानं टाक दौतीत बुडवला. त्याला एकही रकाना कोरा ठेवायची मुभा नव्हती.

"वय?"

"बेचाळीस."

त्यानं चार लिहिलं. "शिंगं?"

"शिंगं असती तं असे हात जोडत आलो असतो का?"

गजाननाला मान वर करवेना. "रंग?" त्यानं वहीकडे बघतच विचारलं.

भागाबाईनं नवऱ्याच्या तोंडावरची माशी हाकलली.

"पिवळा," ती म्हणाली. "पिवळा लिहा."