उभ्या गाडीला

कादंबरीची नवी कोरी गाडी बिबवेवाडीत घरासमोर उभी असताना कोणीतरी ठोकून पळालं, आणि तिची थोरली जाऊ वासंती मनातून सुखावली. हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसणारी ही धाकटी घरात आल्यापासून वासंतीच्या हातची पोळीसुद्धा कोणाला गोड लागेनाशी झाली होती. मिरव आता पोचा आलेली गाडी!

पण विम्याचा क्लेम करायचा म्हटल्यावर घरात लगीनघाईच उडाली. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने वाकून वाकून पोच्याचे फोटो काढले, आणखी कुठे लागलंय का म्हणून गाडीवरून हात फिरवला.

"जरा हळू हो, आमच्या सुनेची गाडी आहे ती," सासूबाई कळवळल्या.

"पोलिसांत तक्रार दिलीत?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय, तेव्हाच दिली!" वासंतीचा नवरा श्याम गरजला. "उभ्या गाडीला ठोकतो? जी उलटून काही करू शकत नाही तिला मारायचं, ही काय मर्दुमकी झाली?"

चहा घेऊन आलेल्या वासंतीला आता जावेचा नाही, गाडीचाच हेवा वाटू लागला.

कप उचलताना सर्व्हेअरची नजर तिच्या दंडावर उमटलेल्या पाच बोटांच्या काळ्यानिळ्या वळांवर गेली. "अहो वहिनी, हे काय लागलं?"

श्याम कपात बघू लागला.



"ती होय? ती पडते अधूनमधून," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही गाडीचं बघा."