पहिला वस्तरा

"असा आवाज आला पाहिजे," असं बायकोला सांगत मी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर पुन्हा ओढला. सट्, सट्. हस्तिदंती मुठीचा, जुन्या बाजारात मिळालेला हा माझ्या संग्रहातला पहिला वस्तरा. आज दाढी त्यानंच करायची होती.

"कापून घ्याल कुठेतरी," बायको म्हणाली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून द्वारकाआत्या आली. बाबांची ही म्हातारी आत्या आताशा आम्हाला ओळखतही नव्हती, पण आज तिच्या हातात पाण्याची वाटी होती. "बघ, आत्यालासुद्धा कौतुक आहे!" म्हणत मी वाटी घ्यायला हात पुढे केला.

तिनं ती माझ्या पायाशी ठेवली. भिंतीला लावलेला पाट ओढून ती माझ्यासमोर बसली आणि आमच्यादेखत कधीही ढळू न दिलेला पदर तिनं डोक्यावरून खाली घेतला. मान खाली घातली. विरळ, पांढऱ्या केसांतून टाळूवरचा एक लांब, जुना वण दिसत होता.

तेराव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा सासरच्यांनी न्हावी बोलावून तिचं डोकं भादरलं होतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणीच नसे.

वस्तरा माझ्या हातात उघडाच होता.

"मी रडणार नाही हं, दादा," लहान मुलीच्या आवाजात ती म्हणाली. "आई म्हणालीय, केस परत येतात."