आधी जाईल त्याला

वेंडेल ब्रूसार्डनं कुत्रा देऊन टाकला, हे रॉइस टिलरीला बायकोकडून कळलं. नेल नुकतीच डायलिसिसहून आली होती आणि खुर्चीत पाय वर घेऊन पडली होती.

"लुइझियानात भाचा आहे ना त्याचा, त्याला दिला म्हणे," ती म्हणाली. "म्हातारा कुत्रा तो. या वयात कुणी असा दुसऱ्याच्या दारात बांधतं का, रॉइस?"

रॉइसनं नुसती मान हलवली. त्याला काहीच वाटलं नाही. गेले दोन महिने त्याचं असंच चाललं होतं. जेवण घशाखाली उतरायचं, पण चव लागायची नाही.

रॉइस आणि वेंडेल ह्यूस्टनच्या एकाच कंपनीत वीस वर्षं साहेब होते. कंपनी तेलविहिरींची यंत्रं विकायची. आफ्रिकेतल्या एका देशाचं कंत्राट अडलं, तेव्हा दोघांनी तिथल्या तेलमंत्र्याच्या मेहुण्याला 'सल्लागार' नेमलं आणि त्याच्या खात्यात पैसे भरले. तळं राखील तो पाणी चाखील, हे तिकडे कुणाला सांगावं लागत नाही. अमेरिकेचा कायदा मात्र चाखणाऱ्याला सोडून चाखवणाऱ्याला धरतो. मंत्री मजेत होता. इकडे सरकारी वकिलांनी कंपनीची कपाटं उचलून नेली होती, आणि दोघांच्याही पुढे पाच वर्षांची कैद दिसत होती.

तुरुंगाची रॉइसला भीती होतीच, पण त्याहून मोठा प्रश्न नेलचा होता. आठवड्यातून तीनदा तिला दवाखान्यात नेणं, चार तास बसणं, उचलून गाडीत घालणं, हे करणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. पूर्वी रॉइस परदेशी गेला की वेंडेल न्यायचा. त्याची बायको वारल्याला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तिथं बसून तो नेलशी पत्ते खेळायचा आणि मुद्दाम हरायचा.

आता तोही रस्ता बंद होता. रॉइसच्या वकीलबाई मार्जोरी प्रुइट यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की वेंडेलला फोन नाही, निरोप नाही, चर्चमध्ये हाय-हॅलोसुद्धा नाही. दोन संशयित बोलले की सरकार त्याला साक्ष फिरवणं म्हणतं. वेंडेलच्या वकिलानंही त्याला हेच सांगितलं असणार. वीस वर्षं दर शनिवारी एका अंगणात मांस भाजणारी माणसं आता एकमेकांना पाहून रस्ता ओलांडत होती.

दुसरी गोष्ट बाईंनी जरा हलक्या आवाजात सांगितली होती. अशा खटल्यात जो आधी जाऊन सगळं ओकतो, त्याला सरकार सांभाळून घेतं. दुसऱ्याला उरलंसुरलं.

त्या दिवसापासून रॉइस वेंडेलवर डोळा ठेवून होता. आधी वेंडेलच्या अंगणात घर विकण्याची पाटी लागली. मग तो चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसू लागला. परवा जाताना त्यानं नेलचा हात दोन्ही हातांत धरला, पण रॉइसकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि आता कुत्रा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. रॉइसला प्रत्येक गोष्टीत एकच अर्थ दिसत होता: गडी सौदा करून लुइझियानाला चालला.

मंगळवारी प्रुइटबाईंचा फोन आला.

"काल तुमचा मित्र सरकारी वकिलांच्या मजल्यावर होता. तीन तास."

"काय बोलला?"

"ते मला कोण सांगणार? पण तिथं तीन तास कुणी हवापाण्यावर बोलत नाही. अजून कुणावर आरोप ठेवलेला नाही. जायचं तर आत्ताच जाऊ."

रॉइसनं फोन ठेवला. ज्याला भाऊ मानलं त्यानंच केसानं गळा कापला, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं. राग यायला हवा होता. तोही धड आला नाही.

गुरुवारी तो गेला. सरकारी वकील कॅथलीन डोड शांत बाई होती. तिनं पाणी दिलं, सवलतीच्या अटींचा कागद समोर ठेवला, तो प्रुइटबाईंनी वाचला, रॉइसनं सही केली. मग त्यानं सगळं सांगितलं. मेहुणा कसा गाठला, बँक कुणी सुचवली, कुठल्या हॉटेलात दोघांनी मंत्र्याशी हात मिळवले. सांगताना आवाज एकदाही अडखळला नाही. आपण दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतोय असं त्याला वाटत होतं.

"मुळात ही कल्पना कुणाची?" डोडनं विचारलं.

कल्पना रॉइसची होती. वेंडेल तेव्हा नको म्हणत होता, रॉइसनंच त्याला रात्रभर समजावून तयार केलं होतं.

"वेंडेलची," रॉइस म्हणाला.

डोडनं ते लिहून घेतलं. रॉइसनं धीर करून विचारलं, "सोमवारी तो आधी येऊन गेलाय, ठाऊक आहे मला. म्हणजे मला सवलत मिळणार की नाही?"

"त्यांनी सवलत मागितली नाही," डोड म्हणाली. "कल्पना आपलीच होती, असं तेही म्हणाले."

रॉइसनं ग्लास उचलला होता. तो त्यानं न पिताच खाली ठेवला.

"बाकीचं मात्र जुळत नाही," ती कागद चाळत म्हणाली. "सगळं आपण एकट्यानं केलं, रॉइसला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे ते आम्हाला तीन तास पटवत होते. आम्हाला पटलंही होतं, मिस्टर टिलरी. तुमची फाइल आम्ही उद्या बंद करणार होतो."